दोन बालवाड्यांतून एक : तुम्ही कशी निवडलीत?

मुलीला तीन पूर्ण होतील. दोन शाळा बघून झाल्या, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय आणि घरात दोन तट पडलेत. पहिली शाळा चालत जाण्यासारखी, जुन्या बैठ्या घरात, जेमतेम दोन वर्ग. वह्या-पुस्तकं नाहीत, बाईंचं बोलणं कमी. दुसरी लांब, बसने जायचं. मोठी इमारत, नाचाची वेगळी खोली, आणि एकदा आत गेलं की पुढे शाळा संपेपर्यंत प्रवेशाची कटकट नाही. नवऱ्याला दुसरी हवी, मला पहिली, सासूबाई रोज मत बदलतात.

कोणती घेऊ असं विचारत नाहीये. तुमच्यापुढे अशा दोन शाळा होत्या तेव्हा तुम्ही काय बघून ठरवलंत आणि पुढे वर्षभरात काय निघालं, तेवढं लिहा. आपल्या घरातलं लिहा, नणंदेच्या मैत्रिणीच्या मुलाचं नको. लांबलं तरी चालेल.

दोन मुलग्यांची आई

थोरला मोठ्या शाळेत गेला, धाकटा छोट्या, आणि दोघांचंही बरं चाललं, म्हणून लिहितेय. थोरला गर्दीत खुलणारा. कुणाकडे गेलो की पाच मिनिटांत आतल्या खोलीत पोचलेला असतो. त्याला ते मैदान, ती शंभर पोरं, रोजचं नवीन काहीतरी हे सगळं मानवलं. धाकट्यालाही तिथेच घातलं असतं तर सोयीचं होतं, एकच बस, एकच सुट्ट्यांचं वेळापत्रक. पण शाळा बघायला गेलो तेव्हा हॉलमध्ये लाउडस्पीकर सुरू झाला आणि हा कानांवर हात दाबून माझ्या पोटात तोंड खुपसून उभा. हॉल रिकामा होईपर्यंत बाहेर आला नाही. मग त्याच्यासाठी वेगळी शाळा शोधली.

दोन्हीकडे मी एक गोष्ट मुद्दाम बघितली : शू. हसू नका. छोट्या शाळेत संडासाचं दार वर्गातच उघडत होतं, आतली कडी काढून टाकलेली, आणि पाय ठेवायला खाली एक लाकडी पाट. मोठ्या शाळेत संडास जिन्यापलीकडे, मावशी न्यायला येईपर्यंत थांबायचं. थोरल्याने सुरुवातीला किती चड्ड्या पिशवीतून घरी आणल्या विचारू नका. त्याला काही वाटायचं नाही, "मावशी कामात होत्या" म्हणून मोकळा. धाकटा शाळा सुटेपर्यंत दाबून बसला असता. संडास दाखवा म्हटलं की कुठल्याही शाळेला जरा आश्चर्य वाटतं. वाटू द्या.

नातीची ने-आण करणारे आजोबा

शाळा निवडताना मला कोणी विचारलं नाही, ने-आण मात्र माझ्याकडे आली. तक्रार नाही, सकाळचं फिरणं होतं.

घेतली ती जवळची, कारण मुलगा-सून दोघांच्या कामाच्या वेळा. पण जवळच्या शाळेचा खरा फायदा मला फाटकात उभं राहून कळला. रोज बाई समोर भेटतात. "आज डबा तसाच आहे." "आज दुपारी आजीची आठवण काढली." "आज एकीला चावली, पण तिनेही केस ओढले होते." दिवस कसा गेला ते एका वाक्यात समजतं. शेजारची मुलगी बसने जाते. तिच्या आईला दिवसाचा हिशोब वहीतल्या हसऱ्या चेहऱ्याच्या शिक्क्यावरून लावावा लागतो. चावल्याला कोणता शिक्का मारतात कोण जाणे. शिवाय ती पोर परतीच्या बसमध्ये झोपून जाते, घरी आल्यावर झोपत नाही, आणि मग संध्याकाळी सगळ्या मजल्याला तिचा आवाज ऐकू येतो.

नोकरी करणारी एकटी पालक

माझं उत्तर दोन ओळींचं. दोन्ही शाळा चांगल्या होत्या. एकीला जोडून पाळणाघर होतं, तिथे घातलं. प्रश्न मिटला, मुलगा मजेत आहे.

बालवाडीत बरीच वर्षं शिकवलेली

मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, शिक्षिका म्हणून आणि नंतर आई म्हणून. स्वतःच्या लेकीसाठी शाळा बघायला गेले तेव्हा माहितीपत्रक उघडलंच नाही, आधी भिंती बघितल्या. एका शाळेत भिंतीवर ओळीने मासे लावले होते, सगळे एकसारखे, सगळ्यांचे डोळे जागच्या जागी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातून असा मासा होत नाही. ते आम्ही बायका शाळा सुटल्यावर बसून करतो, मलाही सवय होती. दुसऱ्या शाळेत भिंतीवर नुसते फराटे होते, आणि त्यातल्या एकाखाली बाईंनी लिहिलं होतं : "हा पाऊस आहे आणि आत बाबा आहेत." म्हणजे कुणीतरी त्या मुलाशेजारी बसून, हे काय काढलंस, असं विचारलं होतं.

मग कपाट. पाटीवर "मॉन्टेसरी" लिहिलेलं असलं म्हणून भुलू नका, ते नाव लावायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तिथल्या पद्धतीचा गाभाच हा की साधनं मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर असावीत आणि त्याने ती आपली आपण घ्यावीत. त्यांचा गुलाबी मनोरा असतो, दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटीमीटरचा, सगळ्यात छोटा एक सेंटीमीटरचा. मी बघितलेल्या शाळेत तो काचेच्या कपाटात, कुलपात होता. रंग कोरा, एकही कोपरा उडालेला नाही. वापरातल्या मनोऱ्याचा छोटा ठोकळा तर हमखास हरवलेला असतो.

तिसरी गोष्ट, मोठी माणसं किती. शाळा सांगते "वीस मुलांमागे दोघी", पण त्यातली एक अर्धा वेळ फोनवर नाहीतर जिन्यात असते. वर्गात उभं राहून मोजा. अंदाजासाठी सांगते, इंग्लंडच्या नियमांत दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, २०२३ पर्यंत ते चार मुलांमागे एक होतं. तीनच्या पुढे आठांमागे एक, आणि पदवीधर शिक्षक स्वतः वर्गात असेल तर तेरांमागे एक. आपल्यासमोरची शाळा त्यात बसेल न बसेल, पण तीस मुलं आणि एक टीचर असेल तर ती टीचर कितीही प्रेमळ असो, तिचा दिवस "बसा, बसा" म्हणण्यातच जाणार.

आणि विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा : या वर्गाच्या बाई किती वर्षं इथे आहेत? मुलाला शाळा म्हणजे इमारत कळत नाही, त्याला त्या एका बाई कळतात. दर सहामाहीला बाई बदलत असतील तर तुमचं मूल दर सहामाहीला नव्याने रडणार.

लिहिण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. जन्माच्या वेळी मनगटात हाडं नसतात, कूर्चा असते, आणि मोठेपणी जी आठ छोटी हाडं असतात ती एकेक करत पुढे कित्येक वर्षांत तयार होतात. साडेतीनाच्या मुलाकडून चार रेघांत अक्षरं गिरवून घेतली की ते पेन्सिल मुठीत आवळतं, आणि पहिलीत ती मूठ सोडवताना आमच्या नाकी नऊ येतात. माती मळू दे, मणी ओवू दे, कात्रीने कागदाचा कचरा करू दे. किंडरगार्टनची कल्पना काढणाऱ्या फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी वर्ग उघडला तेव्हा तोही हातात चेंडू आणि लाकडी ठोकळेच देत होता.

वह्यावाल्या शाळेतल्या मुलाचा बाबा

वरच्या ताईंचा मान ठेवून दुसरी बाजू लिहितो, नाहीतर धागा एकाच सुरात जाईल.

आम्ही अभ्यासाची शाळा घेतली, जाणूनबुजून. माझ्या मुलाला मोकळं सोडलं की तो सैरभैर होतो. "हवं ते खेळ" म्हणणाऱ्या शाळेत त्याला नमुन्यादाखल एक दिवस बसवलं होतं, तर तो खोलीभर फिरत राहिला, एकही खेळणं हातात धरलं नाही. वहीच्या शाळेत आता काय, मग काय, हे ठरलेलं असतं. त्याला त्याचाच आधार वाटतो. घरी येऊन तो बहिणीच्या वहीत शून्य काढत बसतो, सांगावं लागत नाही.

आणि कुणी फिनलंड काढायच्या आधी मीच काढतो. तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे सगळे सांगतात. त्याआधीचं एक पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून सक्तीचं झालंय, हे कुणी सांगत नाही.

बालवाडीत बरीच वर्षं शिकवलेली

दादा, खरंय, ठरलेला क्रम काही मुलांना लागतोच. पण क्रम आणि वही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या खेळाच्या शाळेतही दिवसाचा क्रम पक्का असतो : आल्यावर चपला जागेवर, मग गोल, मग खेळ, मग डबा, मग गोष्ट. तुम्ही पाहिली ती शाळा बहुतेक नुसती मोकळी होती. आणि सक्तीच्या त्या वर्षातही तिथे भर खेळावरच असतो, हेही सांगून टाकते.

वह्यावाल्या शाळेतल्या मुलाचा बाबा

असेल. पण मुलगा खूश आहे ना, मग वही राहू दे.

घरची भाषा वेगळी असलेलं कुटुंब

आमच्यापुढे दोन शाळा होत्या त्यांत मुख्य फरक भाषेचा. एकीत घरची भाषा चालायची, दुसरीत पहिल्या दिवसापासून शाळेचीच. लेक तेव्हा नुकतीच वाक्यं बोलायला लागली होती. "लवकर घातलं की भाषा पटकन उचलतात" असं जो तो सांगायचा. उचलतात, खोटं नाही. पण उचलेपर्यंत मधले काही महिने असतात, आणि त्या महिन्यांत तहान लागली, कुणी ढकललं, पोटात दुखतंय, हे कुणाला आणि कसं सांगायचं? म्हणून शाळेला विचारलं, घरची भाषा समजणारं वर्गात कुणी आहे का? शाळेचीच भाषा चालणाऱ्या शाळेत एक मदतनीस ताई होत्या, त्यांना समजत होतं. तेवढ्यावर ती शाळा घेतली. आधी लेक फक्त त्या ताईंशीच बोलायची, बाईंना नुसती मान हलवायची. मग एक दिवस घरी बाहुल्यांना ओळीत बसवून बाईंच्या भाषेत ओरडताना सापडली, हुबेहूब त्यांच्याच स्वरात. त्या ताई नसत्या तर आम्ही घरच्या भाषेची शाळा घेतली असती.

मध्येच शाळा बदललेली

आम्ही मोठी शाळा घेतली आणि दिवाळखोरीचं नव्हे, पण अनामत रकमेचं दुःख सोसून वर्षाच्या मध्येच बाहेर पडलो. शाळेचं नाव लिहीत नाही. इमारत छान, बागही छान, पण बागेत मुलांना फक्त वार्षिक फोटोसाठी न्यायचे. आम्ही प्रवेश घेताना बाग बघितली, बागेचं वेळापत्रक मागितलं नाही. मुलगा रोज विचारायचा, "घसरगुंडी कुणाची आहे?"

बदलताना ऐकवणारे पुष्कळ भेटले : मुलाला सवय लागते, अर्ध्यात काढू नये, वगैरे. नव्या शाळेत त्याला रुळायला पहिल्या वेळेपेक्षा कमी दिवस लागले. घेतलेली शाळा म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. फक्त पैसे भरण्याआधी एक करा, मध्येच सोडली तर काय परत मिळतं ते लेखी घ्या. तोंडी "बघू ना मॅडम" म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत.

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नवऱ्याला मोठ्याने. मासे आणि संडास त्याला पटले. घसरगुंडीवर तो गप्प झाला, कारण दुसऱ्या शाळेतली घसरगुंडी त्यालाच जास्त आवडली होती.

काल पहिल्या शाळेत पुन्हा गेलो. कडी काढलेली होती, पाटही होता (धन्यवाद!). पण बाई या वर्षअखेर सोडून जाणार आहेत असं त्यांनी स्वतःच सांगितलं. नव्या कोण येणार ते अजून ठरायचंय. आता काय धरायचं? नवरा म्हणतो, बघ, छोट्या शाळेत एक बाई गेली की अर्धी शाळा गेली. बरोबरच बोलतोय. दुसऱ्या शाळेच्या संडासांवर उद्या धाड.

दोन मुलग्यांची आई

बाई जाणार हे आपणहून सांगणारी शाळा मला तरी आवडली. आमच्याकडे सुट्टीनंतर थेट नवा चेहरा दिसला होता. नव्या बाई येऊन बसतील तोवर प्रवेशाची मुदत वाढवून मिळते का बघ. छोट्या शाळा ऐकतात.

नातीची ने-आण करणारे आजोबा

धाडीची वेळ सांभाळा. सकाळी नऊला सगळ्याच शाळा नटलेल्या असतात. सुटायच्या अर्धा तास आधी जा. तेव्हा मुलं कंटाळलेली असतात, बाई दमलेल्या असतात, कुणाचा तरी डबा सांडलेला असतो. दमलेली बाई रडणाऱ्या मुलाला काय म्हणते ते ऐका आणि घरी येऊन ठरवा. आणि सासूबाईंना सोबत न्या, त्या रोज मत बदलतात म्हणजे अजून मोकळ्या मनाने बघतील.