धागा: हाताखाली माणसं असताना वाटणारी भीती

नमस्कार. हाताखाली चार माणसं असोत की चाळीस, ती आपल्या तोंडाकडे बघत असतात आणि आपल्याच पोटात गोळा आलेला असतो. अशा वेळी तुम्ही काय केलंत, ते सोलापूरकरांनी इथं लिहावं. सुरुवात मी करतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मार्च २०२० मध्ये माग थांबले. तयार माल गोदामात, पुढची ऑर्डर अडकलेली, सुताचं देणं डोक्यावर. कामगारांचे फोन मी उचलेनासा झालो. सांगण्यासारखं काही नसताना बोलणार काय, असं वाटायचं. आठवड्याभरानं आमचा जुना जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, दारात येऊन उभा राहिला. घरी तेलुगू बोलणारा, एरवी मोजकंच बोलणारा माणूस. म्हणाला, "मालक, पैसे नसतील तर नाहीत म्हणा की. तुम्ही गप्प बसलात, तर लोकं कारखाना विकला म्हणायलेत."

माझ्या गप्प बसण्यानं तीस घरांत काय चाललं होतं, ते तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी एकेकाला फोन केला. माझ्याकडे किती आहे, त्यातून कुणाला किती देता येईल आणि पुढचा फोन कधी करीन, एवढंच सांगितलं. पुढं दर शनिवारी फोन केला, नवीन काही नसलं तरी. रात्रीची झोप लगेच आली नाही, पण फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं ते थांबलं.

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर

दादा, तुमचा शनिवारचा फोन वाचून मला एप्रिल २०२१ आठवला. रात्रपाळी, ऑक्सिजनची गाडी वाटेत, आणि माझ्या दोन नवीन मुली रडवेल्या. "सिस्टर, संपला तर?" हाच प्रश्न माझ्याही घशात अडकलेला. मी कागद घेतला आणि मोठ्यानं हिशेब मांडला. भरलेल्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका पेशंटला तो साधारण साडेअकरा तास पुरतो. आपल्याकडे भरलेले इतके, पेशंट इतके, म्हणजे पहाटेपर्यंत आहे. गाडी त्याआधी आली नाही, तर कुणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर लिहिलं. माझे हात कापत होते आणि ते मुलींना दिसत होते. मी लपवले नाहीत. "मलाही भीती वाटतेय, चल, तू मीटर वाच," असं म्हटल्यावर ती पोरगी उठली. गाडी पहाटे आली. दोन पेशंट मात्र त्या आठवड्यात गेले. त्यांचे चेहरे अजून आठवतात. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

बचत गटाची अध्यक्ष, विडी कामगार

बँकेत साहेबांसमोर माझा आवाजच फुटायचा नाही. आता एकटी जात नाही. दोघीजणी सोबत, आणि काय बोलायचं ते आदल्या दिवशी विड्या वळता वळता म्हणून बघायचं. एवढंच.

सिद्धेश्वर यात्रेतला स्वयंसेवक

अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या लग्नसोहळ्याला, तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नसते. माझ्याकडे वीस पोरं आणि एक दोर. गर्दी एकदम दाटली की माझा श्वास वर चढतो आणि मी ओरडायला लागतो. मग पोरंही ओरडतात आणि लोक बिथरतात. एका जुन्या मानकऱ्यांनी सांगितलं, "आधी श्वास सोड, मग तोंड उघड." सावकाश, लांब श्वास सोडला की छातीची धडधड खरंच उतरते. आता मकर संक्रांतीच्या आधी पोरांकडूनही हेच करून घेतो.

टीम लीडर, वय ३४

मला मीटिंगच्या आधी छातीत दुखून घाम फुटला. हार्ट अ‍ॅटॅकच वाटला. ईसीजी नीट आला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अ‍ॅटॅक. मग मी मीटिंगा टाळायला लागलो आणि भीती वाढतच गेली. आधी मीटिंगची होती, नंतर ऑफिसच्या जिन्याची वाटायला लागली. घरी "मनाचे खेळ आहेत" म्हणाले. शेवटी टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावला. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची मोफत फोन सेवा आहे, २०२२ पासून सुरू. तिथून समुपदेशकाकडे गेलो. जिन्यापर्यंत, मग दारापर्यंत, मग पाच मिनिटं आत, असं करत परत आलो. छातीत दुखलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे मात्र सोडू नका.

टीमला मी अजून काही सांगितलेलं नाही. सिस्टर, तुम्ही त्या मुलींना सांगितलंत, त्यानंतर त्यांनी तुमचं ऐकणं कमी केलं का? मला हेच विचारायचं होतं.