मदत हवी आहे: लाळेतलं अमायलेज (स्टार्च पचवणारं प्रथिन) काढायचं कसं?

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय तोंडाच्या कर्करोगाचे बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण ठरणारे रेणू. लाळेतली प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडून मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं मशीन) चालवते आहे. पण सापडलेल्या प्रथिनांची यादी उघडली की वरती सगळं अमायलेजच! त्या गर्दीत आयएल-८ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) सारखं चिमूटभर असलेलं प्रथिन कुठून दिसणार? केराटिन, म्हणजे त्वचा-केसांतलं प्रथिन, तेही भरपूर येतं. एरवी ते हाताळणीतला कचरा म्हणून सोडून दिलं असतं, पण तोंडाच्या पेशींतही केराटिन असतंच. म्हणजे ते रुग्णाचं की माझ्या बोटांचं, हेच कळत नाही.

स्टार्चमधून लाळ गाळली की अमायलेज त्याला चिकटून मागे राहतं, असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? सोबत कामाची प्रथिनंही जातात का?

आणखी एक घोळ, चूक माझीच. रुग्णांचे नमुने एका आठवड्यात चालवले, निरोगी लोकांचे दुसऱ्या. २००२ साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या सीरम-चाचणीचा केवढा गाजावाजा झाला, आणि मग रुग्ण व निरोगी यांच्या नमुन्यांत दिसलेला फरक आजाराचा की मशीनचा, यावरून वाद पेटला. माझंही तेच होणार का? आकडेमोडीने सावरता येईल, की सगळे नमुने मिसळून पुन्हा चालवू? लाळ थोडीच उरली आहे.