मदत हवी आहे : बँक पालकत्वाचं पत्र मागतेय

होटगी_रोड : खातं काढायचंय. सगळे कागद दिले तरी पालकत्वाचं पत्र आणा म्हणतात. सही जुळत नाही म्हणे. पहिला पगार याच महिन्यात जमा व्हायचाय. पत्र कुठे मिळतं, की लागतच नाही? लवकर सांगा.

अक्का_जुळे_सोलापूर : मुलाचं वय? त्रास काय? दिव्यांग कार्ड काढलंय का? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

होटगी_रोड : मुलगा मीच. वय 22, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. कार्ड आहे. हात थरथरतो, दर सही वेगळी येते. फॉर्म मीच भरला, तरी काउंटरवरचे साहेब बाबांना विचारत होते, "याला व्यवहार कळतो का?"

काका_अक्कलकोट_रोड : सोपं आहे. नॅशनल ट्रस्ट म्हणजे दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिचा 1999 चा कायदा सेरेब्रल पाल्सीला लागू आहे. कलेक्टर ऑफिसातल्या समितीकडे अर्ज टाका, वडिलांना पालक नेमून घ्या, तेच हे पत्र. पुतणीचं आम्ही तसंच केलं.

पार्क_चौक : काका, त्याच कायद्यात पालकाची गरज आहे का हे समितीने आधी बघायचं असतं. हा पोरगा नोकरी करतोय! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 बघा, आपला पैसा आपण सांभाळायचा हक्क त्यात स्पष्ट आहे. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा जमेना तर पायाचाही, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे.

काका_अक्कलकोट_रोड : कायदा पुस्तकात राहतो हो. काउंटरवर कोण ऐकतंय?

गड्डा_यात्रा : तिळाच्या तेलाने मालिश करा, थरथर कमी होते. नाहीतर पुण्याला दाखवा, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत.

अक्का_जुळे_सोलापूर : अहो, इलाज विचारलाय का त्याने?

होटगी_रोड : मालिश नको, पालकही नको. बाबा चांगले आहेत, पण माझ्या पगाराचा हिशोब मला त्यांच्याकडून कळायला नको. बँकेकडे नकार लेखी मागू का?

पार्क_चौक : लेखीच मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी लागत नाही. बाबांना बाकावर बसवा. साहेबांनी विचारलं तर "त्यालाच विचारा" एवढंच त्यांनी म्हणायचं.

काका_अक्कलकोट_रोड : आणि तोवर पगार? जॉइंट खातं काढा, वेळ तरी वाचेल.

होटगी_रोड : नको काका. ऑफिसला सांगतो, या महिन्याचा चेक द्या. सोमवारी अर्ज घेऊन जातोय. साक्षीदार म्हणून कुणी येईल का?

अक्का_जुळे_सोलापूर : मी येते. शाखा कुठली ते मेसेज कर.