थंडी, घर आणि हातातलं काम : अनुभव धागा

घरातच काम करणाऱ्या कलाकारांनो, लिहा. हिवाळा सुंदर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे ऊन कुठल्या खोलीत येतं आणि तिथली जागा आधी कोण अडवतं, ते सांगा. सुरुवात मीच करते.

माझं माध्यम जलरंग. एरवी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळायच्या आत धावपळ होते. गारठ्यात कागद बराच वेळ ओला राहतो. अल्ट्रामरीन निळ्या रंगाचे कण सावकाश कागदाच्या खळग्यांत बसतात आणि असा दाणेदार पोत येतो, जो उन्हाळ्यात कितीही आटापिटा केला तरी मिळत नाही. त्यासाठी खिडकीजवळची जागा हवी, आणि तिथे सकाळभर सासूबाई गुडघे शेकत बसलेल्या. मग मीही बोर्ड मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारीच बसते. "आभाळ फार गडद झालं गं," त्या न विचारता सांगतात. बहुतेक वेळा खरं असतं. मी तसं अजून कबूल केलेलं नाही.

तैलरंगवाला : ओलं राहण्याचं कौतुक तुम्हालाच! आमच्या रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि थंडीत ते रेंगाळतं. ओले कॅनव्हास कपाटावर, दाराआड, जागा मिळेल तिथे. त्यात खिडक्या बंद, म्हणून टर्पेंटाइनच्या वासावरून रोज वाद. घरच्यांचंच बरोबर आहे, बंद खोलीत ती वाफ वाईटच. सध्या खिडकी उघडी आणि अंगात दोन स्वेटर.

गच्चीवरून : अ‍ॅक्रिलिकवाल्यांनीही फार हसू नये. तापमान साधारण १० अंशांखाली गेलं की पाणी उडतं, पण रंगातले कण एकजीव होत नाहीत. थर कच्चा राहतो, तडकतो. कडाक्याच्या दिवशी मी नुसती पेन्सिल चालवतो.

निसर्गचित्रं करणारी : मला मात्र हाच ऋतू हवा. सूर्य दुपारीही खाली असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. आणि त्या काळ्या नसतात, बरं का! सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे पडतो तो निळ्या आकाशाचा उजेड. बर्फावर हे जास्त कळतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८६८-६९ मध्ये बर्फात कुंपणावर बसलेला एक पक्षी रंगवला, त्यातल्या सावल्या अशाच निळसर आहेत. १८६९च्या सलोंनं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, ते चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. आमच्याकडे दोरीवरच्या चादरींची सावली बघत उभी राहिले की मुलगा विचारतो, "आई, वाळल्या का गं?"

मातीकाम : पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. कच्ची ओली भांडी बाहेर राहिली आणि रात्री पारा शून्याखाली गेला की संपलं. म्हणून सगळी न्हाणीघरात. अंघोळीला जाणाऱ्यांनी कोपर सांभाळावं.

सतार : आमचं दुखणं बोटांचं. आखडलेल्या बोटांनी मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, बेसूर होते. कोरड्या हवेत लाकूड आकसून खुंट्या सरकतात, ते वेगळंच. रियाजाआधी हात गरम पाण्यात बुडवते, नीट कोरडे करते, नाहीतर तारा गंजतात. तापलेलं पाणी पहिल्यांदा कुणाचं, यावर घरात अजून एकमत नाही.