नवरा, वानर आणि एक काना

ग्रुप: घरचे सगळे

मुक्ता: रविवारचं शब्दकोडं आलं. या वेळी नेहमीसारखं नाही, गूढ आहे, म्हणजे क्लूचं वाक्य सरळ वाचायचं नाही. सगळे क्लू मीच केलेत. कंसातला आकडा अक्षरांचा. एका घरात एक अक्षर, मात्रेसकट. चौकट खाली टाकते, आधी क्लू:

आडवा १: लोक मळलेल्या वाटेत शोधतात फूल (३)
आडवा ४: उलटी वाहणारी नदी, बिचारी (२)
आडवा ५: शेवटचा सूर, मग गंध घरात (३)
आडवा ७: दुखलं की येते, दाबली की दिवा लागतो (२)
उभा २: पंचम थंड, महिन्याची कमाई (३)
उभा ३: गळ्यात पडला तर कौतुक, पदरी पडली तर नामुष्की (२)
उभा ४: राग, पण उजेड देणारा (३)
उभा ६: आठ आणि जखमेची खूण, मनात राहते ती (४)
उभा ८: बिथरलेला नवरा झाडावर बसतो (३)

विद्याकाकू: उभा ४ दीपक. राग गाण्यातला, रागावण्यातला नाही.

विद्याकाकू: आडवा ७ कळ. पोटातली पण आणि बटणाची पण.

मुक्ता: दोन्ही बरोबर! काकू, तू आधी सोडवायचीस का अशी कोडी?

विद्याकाकू: कधीच नाही. पण वाक्य सरळ वाचायचं नाही म्हणालीस ना, मग प्रत्येक शब्दाला विचारत बसले, तुझा दुसरा अर्थ काय ते.

ओंकार: आडवा ४ दिन. नदी उलटी केली.

विद्याकाकू: अरे, मग बिचारी कुठे गेली? दिन म्हणजे दिवस.

ओंकार: ते वाक्य पुरं करायला असेल.

सुधाआत्या: ओंकार, वाक्य पुरं करायला एकही शब्द नसतो. तिथेच तर या कोड्याची गंमत आहे. प्रत्येक क्लू एकाच उत्तराकडे दोन वाटांनी नेतो. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, तो कायम सुरुवातीला किंवा शेवटी असतो, अधेमधे कधीच नाही. उरलेल्या भागात शब्दाची जडणघडण सांगितलेली असते, नाहीतर कळसारखा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ. इथे 'उलटी वाहणारी नदी' ही जडणघडण आणि 'बिचारी' हा अर्थ. आता न-दी उलट वाच. दी-न. दीर्घ दी. दीन म्हणजे बिचारी, दुबळी. तू ऱ्हस्व केलास आणि दिवस झाला.

विद्याकाकू: आणि माझा दीपक त्याच घरातून खाली उतरतो. दिन लिहिलं तर दिपक होईल, ते चूकच.

ओंकार: मान्य. वेलांटीकडे पाहिलंच नव्हतं.

सुधाआत्या: मराठीत हे फार कामाला येतं बघ. आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा इकार, थोडे अपवाद सोडले तर, दीर्घ लिहायचा. म्हणजे नदीसारखा शब्द उलटला की पहिलं घर बहुतेक दीर्घच येणार. शुद्धलेखनाचा नियम आयता पुरावा देऊन जातो.

बाबा: आडवा १ मला लागत नाही. फुलं आठवून आठवून दमलो. मोगरा, चाफा, शेवंती, कशाचाच लोकांशी संबंध नाही.

मुक्ता: बाबा, फुलांची यादी करू नका. क्लू अक्षर-अक्षर वाचा. 'लोक मळलेल्या'.

बाबा: लो क म ळ ले ल्या

बाबा: कमळ!! लोकमधला क आणि पुढचा मळ. डोळ्यांसमोर होतं की सगळा वेळ.

सुधाआत्या: मुक्ता, हा क्लू मला सगळ्यांत आवडला. 'वाटेत' हा शब्द वाचणाऱ्याला पायवाट दाखवतो आणि सोडवणाऱ्याला सांगतो की या दोन शब्दांमधून जाताना वाटेत काहीतरी सापडेल. मळलेली वाट तर प्रत्येकाच्या तोंडात बसलेली. तिथे शब्द फोडायचं कुणाच्या मनात येणार?

ओंकार: उभा ३ हार. पण पडला आणि पडली दोन्ही कसं? आधी वाटलं टायपिंगची चूक आहे.

मुक्ता: चूक नाही रे दादा, मुद्दाम आहे. तो हार आणि ती हार.

सुधाआत्या: इंग्रजी कोडंकाराला ही सोयही नाही आणि हे बंधनही नाही. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'कळ'मध्ये येते, दाबली, दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून क्लू बिनबोभाट सरकला. 'हार'मध्ये लिंग बदललं आणि तेवढ्यानेच कळलं की अर्थ दोन आहेत. 'मान' या शब्दावरही असा क्लू होईल. ती मान, तो मान.

बाबा: उभा २ पगार. पंचम म्हणजे प, थंड म्हणजे गार. आता जमायला लागलं.

बाबा: त्याच न्यायाने आडवा ५ निवास. शेवटचा सूर नि, गंध म्हणजे वास.

मुक्ता: बरोबर बाबा!

सुधाआत्या: उत्तर बरोबर, पण क्लूत एक खोट आहे मुक्ता. अर्थ 'घरात' दिलास. घरात म्हणजे निवासात, आणि ती होतात चार अक्षरं. घर म्हणजे निवास. प्रत्यय लागला की त्याचं माप उत्तरालाही बसायला हवं. इंग्रजीत 'मध्ये' हा वेगळा शब्द, तो जोडणीत खपून जातो. आपला 'त' शब्दाला चिकटतो, त्याला लपवता येत नाही.

मुक्ता: मग 'शेवटच्या सुराला गंध, ते घर' चालेल?

सुधाआत्या: छान चालेल.

विद्याकाकू: सुधाताई, हे नियम कुणी ठरवले म्हणायचे?

सुधाआत्या: विद्या, एकदम कुणीच नाही. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी केलं, २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात आलं. ते साधं होतं, अर्थ द्या आणि शब्द भरा. गूढ प्रकार इंग्लंडात वाढला. १९२६ पासून तिथल्या ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रात टॉर्केमाडा या नावाने कोडी यायची. टॉर्केमाडा हा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख. ती कोडी भयंकर कठीण असत, पण उत्तर मिळूनही कसं मिळालं ते पटायचंच असं नाही. १९३९ मध्ये त्याच जागी झिमेनेस आले, हेही तशाच एका प्रमुखाचं नाव. त्यांनी शिस्त आणली. क्लूत तीनच गोष्टी हव्यात: नेमका अर्थ, प्रामाणिक जडणघडण आणि याशिवाय काहीही नको. मी अजून त्या तिसऱ्या अटीवर क्लू तपासते. एखादा शब्द नुसता शोभेला आहे असं दिसलं की काट मारायची.

ओंकार: उभा ६ चं काय? आठ आणि जखमेची खूण. मी 'आठवळ' लिहून पाहिलं. वळ म्हणजे माराची खूण. पण आठवळ असा शब्दच नाही.

विद्याकाकू: वळ माराचा. जखमेचा वण.

ओंकार: आठवण!

बाबा: अरे! आठ आणि वण.

विद्याकाकू: रोज दहा वेळा उच्चारतो आपण. कधी दिसलं नाही हो यात वण आहे ते.

सुधाआत्या: ही फोड कोड्यापुरती बरं का. शब्द 'आठवणे'वरून आलाय, त्याचा आकड्याशी आणि जखमेशी संबंध नाही. पण 'मनात राहते ती' म्हणून क्लू वाचला की वणसुद्धा मनातलाच वाटतो. दोन्ही वाटा एकाच जागी येऊन टेकतात, असा क्लू कोडंकाराला वर्षातून दोनदाच सापडतो. जपून ठेव मुक्ता.

मुक्ता: आत्या 🙏 आता उभा ८ राहिला. तो सोप्पा आहे.

ओंकार: वानर. नवरा बिथरला, म्हणजे अक्षरं विस्कटली.

बाबा: थांबा. नवरामध्ये न, व, रा. वानरमध्ये वा, न, र. रा चा काना व ला कसा लागला?

मुक्ता: बाबा, विस्कटायचंच तर आहे. इंग्रजीत स्वर हे वेगळं अक्षर असतं, ते हवं तिथे जातं. मग आपला काना का नाही हलवायचा?

बाबा: मग उद्या वेलांटी, परवा अनुस्वार. कशाचंही काहीही होईल.

मुक्ता: उच्चारातले आवाज तर तेच आहेत ना पण!

सुधाआत्या: दोघांचं ऐकलं. मुक्ता, तुझं म्हणणं चुकीचं नाही, पण ते या चौकटीत बसत नाही. सकाळी तूच लिहिलंस, एका घरात एक अक्षर, मात्रेसकट. म्हणजे इथली वीट अक्षर आहे. विटा हलव, उलट, एकीत दुसरी घाल. वीट फोडायची असेल तर क्लूत तसं सांगावं लागेल.

अझेड या कोडंकाराचं उदाहरण बघ. १९७२ पासून झिमेनेसच्या जागी जे आले त्यांनी हे नाव घेतलं. देझा हाही त्याच धर्मन्यायालयाचा प्रमुख. रोमन लिपीत देझा उलटं वाचलं की अझेड होतं, शिवाय ए पासून झेड पर्यंत सगळी अक्षरं त्यात आली. आता तेच देवनागरीत कर. दे-झा उलटलं तर झादे. अझेड येणारच नाही. लिपी बदलली की उलटण्याचा अर्थच बदलतो. म्हणून त्यांचा नियम जसाच्या तसा आणता येत नाही, आपला आपल्याला बसवावा लागतो.

ओंकार: मग मराठीत अक्षरं विस्कटायचीच नाहीत का?

सुधाआत्या: का नाही? गरम आणि मगर. कलम आणि कमल. एकही मात्रा हलत नाही. असे शब्द शोधायला वेळ लागतो, पण सापडले की सोडवणारा भांडायला येत नाही.

सुधाआत्या: आणि 'झाडावर बसतो' हेही सैल आहे. बसतो हे क्रियापद, वानर हे नाम. 'बसणारा' हवं.

मुक्ता: एका क्लूत दोन चुका.

सुधाआत्या: कल्पना चांगली आहे गं. बिथरलेला नवरा झाडावर, चित्र लगेच उभं राहतं. म्हणून तर तुला सोडवत नाहीये.

विद्याकाकू: 'नवऱ्याचा काना सरकला आणि तो बिथरला' असं म्हटलं तर?

बाबा: ते चालेल, सगळं सांगून केलंय. पण वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

मुक्ता: मला दहा मिनिटं द्या. नवरा सोडते, वानर धरते.

ओंकार: नव + रा, वान + र, र + वान... काहीच नाही.

बाबा: वान म्हणजे जात, प्रकार. पण मग र एकटा उरतो.

मुक्ता: नका सांगू, मला दिसलंय.

मुक्ता: उभा ८ नवा: आधी दाद, मग पुरुष उड्या मारणारा (३)

विद्याकाकू: दाद म्हणजे टाळ्या?

बाबा: दाद म्हणजे वा! आणि पुरुष म्हणजे नर. वा-नर. मुक्ता, झकास!

ओंकार: 'आधी' आणि 'मग' पण कामाचे निघाले, क्रम सांगतात. एकही शब्द जास्तीचा नाही.

विद्याकाकू: आणि वाचताना वाटतं, कौतुक ऐकून एखादा माणूस उड्या मारतोय.

मुक्ता: आत्या, तू काट मार बघू कुठे मारता येते ते.

सुधाआत्या: तीनदा वाचला. आधी, दाद, मग, पुरुष, उड्या मारणारा. काट मारायला जागा नाही. जुना क्लू खोडून हा लिही, आणि चौकट परत टाक, मला आता स्वच्छ कागदावर भरायचीय.