प्रतिसाद: प्रश्नच नीट विचारा

प्रकाशवर्ष हे काळाचं नव्हे, अंतराचं एकक आहे (साधारण 9.46 लाख कोटी किलोमीटर), हे खगोलशास्त्राबद्दलच्या चुकांवरच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय ते अगदी बरोबर. पण निदान ती चूक बऱ्याच जणांना माहीत तरी असते. मला जास्त खटकतात ते अर्धवट प्रश्न.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा होती. ‘पृथ्वीला सर्वात जवळचा तारा कोणता?’ चौथीतल्या मुलीने ताडकन सांगितलं, ‘सूर्य!’ परीक्षकांच्या कागदावर होतं प्रॉक्सिमा सेंटॉरी. गुण गेले, पोरगी हिरमुसली. बरोबर तीच होती! सूर्य ताराच आहे, त्याचा प्रकाश आपल्याकडे सुमारे 8 मिनिटं 20 सेकंदांत पोचतो. प्रॉक्सिमाचा यायला सव्वाचार वर्षं लागतात. ‘सूर्य सोडून’ एवढे दोन शब्द घातले असते तर काय बिघडलं असतं?

तसंच ‘सर्वाधिक चंद्र कोणाला?’ जुन्या पुस्तकांत उत्तर गुरू असतं. पण मार्च 2025 मध्ये शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या 274 झाली, म्हणजे गुरूपेक्षा कितीतरी जास्त. प्रश्न काढणाऱ्यांनी गाइडमधून जसंच्या तसं उतरवण्याआधी उत्तर एकदा तपासावं, ही कळकळीची विनंती. मुलं ते खरं धरून चालतात.