कोर्ट दारात, अपील लंडनला

सरळरेघ
एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये म्हणून धागा काढतोय. कॅरिबियन देशांनी मिळून एक कोर्ट काढलं, कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस, २००५ पासून चालू आहे, मुक्काम त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. आणि खुद्द त्रिनिदादचं शेवटचं अपील अजून लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या काळापासूनच्या अपील कोर्टाकडे जातं! ब्रिटनच्या राणीला १९७६ मध्येच रामराम ठोकला, प्रजासत्ताक झाले, पण शेवटचा शब्द तिकडचाच. अंतिम अपिलासाठी इकडे आलेले देश फक्त पाच, बार्बाडोस आणि गयाना सुरुवातीपासून, मग बेलीझ २०१०, डॉमिनिका २०१५, सेंट लुशिया २०२३. बाकीच्यांचं म्हणजे वर्गणी इथे भरायची आणि पंगतीला दुसरीकडे बसायचं. माझं मत सरळ आहे, घटना तुमची तर तिचा अर्थ लावणारं कोर्टपण तुमच्यातलंच हवं.

लांबचा_पाहुणा
हे ऐकायला छान वाटतं हो. पण ग्रेनाडासारखं बेट घ्या, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, तिथे मंत्री, वकील, जज आणि आरोपीचा मामा सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. लंडनच्या न्यायमूर्तीला कोणाशी काही घेणंदेणं नाही, हाच त्याचा मोठा गुण. वर त्याचा पगार ब्रिटन देतं. आणि सार्वमत घेऊन लोकांना विचारून झालंय की! सेंट व्हिन्सेंट २००९, ग्रेनाडा २०१६, परत ग्रेनाडा २०१८, अँटिग्वा २०१८. चारही वेळा 'नको'. आता तुम्ही-आम्ही कोण त्यांना शहाणपण शिकवणारे?

सरळरेघ
पगार ब्रिटन देतं, मान्य, पण लंडनचा वकील, विमान, राहणं हे कोण देतं? जमैकाच्या माणसाला ब्रिटनला जायला २००३ पासून व्हिसा लागतो, त्रिनिदादच्या माणसाला मार्च २०२५ पासून. म्हणजे स्वतःच्याच केसची सुनावणी समोर बसून ऐकायची तर आधी दुसऱ्या देशाची परवानगी काढा. आणि यजमानपण खूश नाही बरं का, २००९ मध्ये लॉर्ड फिलिप्स, म्हणजे तिथल्या सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष, स्वतः म्हणाले होते की आमच्या न्यायमूर्तींचा फार वेळ प्रिव्ही कौन्सिलच्या कामात जातो. पाहुण्याने कधीतरी उठावं ना!

कलम_कसाई
'सगळे ओळखीचे' या मुद्द्यावर बोलतो, कारण त्याची परीक्षा होऊन गेलीये. गयानाच्या संसदेत ६५ जागा. डिसेंबर २०१८ मध्ये अविश्वास ठराव आला, सरकारचाच एक खासदार फुटला आणि ३३ विरुद्ध ३२ ने ठराव पास. मग सरकारी बाजूने गणित काढलं की ६५ चे निम्मे साडेबत्तीस, ते वर ओढून ३३, आणि बहुमत म्हणजे त्यात अजून एक, म्हणून ३४ पाहिजेत!! हसू नका, तिथल्या अपील कोर्टाने २ विरुद्ध १ ने हे मान्य केलं. जून २०१९ मध्ये कॅरिबियन कोर्टाने सांगितलं, ३३ म्हणजे बहुमत, विषय संपला. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या निकालावरून परत तोच तमाशा, मतदान मार्चमध्ये आणि निकाल ऑगस्टमध्ये, मध्ये जुलैला याच कोर्टाने तिथल्या अपील कोर्टाला सांगितलं की हा तुमचा अधिकारच नव्हता. दोन्ही वेळा सत्तेवरच्या सरकारची बाजू पडली.

हे जमतं कारण रचना तशी आहे. न्यायमूर्ती नेमतो एक स्वतंत्र आयोग, आणि खर्चासाठी सुरुवातीलाच १० कोटी अमेरिकन डॉलरचा विश्वस्त निधी बाजूला काढलाय, त्यामुळे कोणी पंतप्रधान चिडला तरी पगार अडवू शकत नाही.

अर्धाकप
फाशीचं कोणीच बोललं नाही? सगळं तिथूनच तर पेटलं. १९९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमैकाच्या एका केसमध्ये म्हटलं की फाशीच्या छायेत ५ वर्षांहून जास्त ठेवलं तर ती अमानुष वागणूक, शिक्षा जन्मठेपेत बदला. राजकारणी खवळले, आणि नव्या कोर्टाचे विरोधक म्हणायला लागले की यांना आपलं कोर्ट हवंय ते माणसं लटकवायला. झालं काय? बार्बाडोसची सक्तीची फाशी (म्हणजे खुनाला फाशीच, जजला दुसरा पर्याय नाही) प्रिव्ही कौन्सिलने २००४ मध्ये टिकवली होती, ती २०१८ मध्ये कॅरिबियन कोर्टाने उडवली. आणि त्रिनिदादची सक्तीची फाशी २०२२ मध्ये परत लंडननेच वैध ठरवली. दोन्ही बाजूंचे अंदाज तोंडावर आपटले.

लांबचा_पाहुणा
गयानाचं उदाहरण दमदार आहे, मानलं. पण कोर्ट चांगलं असणं वेगळं आणि लोकांना ते आपलं वाटणं वेगळं. माणूस कोर्ट ओळखतो ते खालच्या कोर्टावरून, तिथे तारीख पे तारीख खाल्लेली असते, मग वरचा मजला नवीन बांधला म्हणून तो का टाळ्या वाजवेल? ग्रेनाडात दोन तृतीयांश मतं हवी होती, २०१८ मध्ये निम्मीपण नाही पडली. सेंट लुशियाने सार्वमतच टाळलं, संसदेत घटनादुरुस्ती करून मोकळे. मला तो मागचा दरवाजा वाटतो.

कलम_कसाई
मागचा नाही, घटनेनेच ठेवलेला दरवाजा आहे. आणि तुमच्या चारातलं २००९ चं सेंट व्हिन्सेंट धरू नका, तिथे अख्खी नवी घटना मतदानाला होती, कोर्ट त्यातला एक तुकडा.

सरळरेघ
अजून एक गंमत. २०११ मध्ये जमैकाच्या एका बाईला बार्बाडोसच्या विमानतळावर अडवून, अपमानास्पद झडती घेऊन दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. तिने याच कोर्टात दावा लावला, कारण व्यापार-प्रवासाच्या कराराचे वाद जमैकालाही इथेच आणावे लागतात. २०१३ मध्ये जिंकली, त्रासाबद्दल ७५,००० बार्बाडोस डॉलर मिळाले. म्हणजे बार्बाडोसविरुद्ध तिला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये न्याय मिळतो, आणि स्वतःच्या सरकारशी शेवटपर्यंत भांडायचं तर लंडन!

लांबचा_पाहुणा
हे मात्र विचित्र आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीपण ग्रेनाडात माझं मत असतं तर आज 'नको'च पडलं असतं, आधी खालची कोर्टं नीट करा मग विचारा.

अर्धाकप
जमैकाने डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजाला राष्ट्रप्रमुखपदावरून हटवायचं विधेयक आणलं, त्यात लंडनचं अपील जसंच्या तसं, आणि विरोधी पक्ष त्यावरच अडून बसला. राजा नको पण राजाचं कोर्ट हवं, यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, मी येतो जेवून.